८८ आरपीएम

डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे. आकुर्डी-निगडीत राहणाऱ्यांना याचं खरं तर आश्चर्य वाटायला नको, कारण मूळ नाव विसरलं जाऊन नुसती वस्तू उरते, हे आपण रोज बघतो. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ मध्ये तिच्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली, पुढे आकुर्डीला कारखाना आला, आणि आज महाराष्ट्रात कुणीही कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतं. २००५ साली खुद्द कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, लोकांनी काही बदललं नाही. डिझेलचंही तसंच झालं. फक्त इथे माणूस हरवला.

आयसी इंजिनच्या पुस्तकात रुडॉल्फ डिझेलच्या वाट्याला दोन ओळी येतात. मग डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम, मग कटऑफ रेशो, आणि आपण न्यूमेरिकल्सकडे वळतो. मला या माणसात रस वाटायला लागला तो पुस्तकामुळे नाही, एका गाडीच्या बिघडलेल्या स्लोमुळे. ते मध्ये सांगतेच. आधी माणूस.

तो जन्मला पॅरिसमध्ये, १८ मार्च १८५८ ला. आईवडील जर्मन, मूळ बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या छोट्या वस्तू बनवायचे आणि तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम या पोराकडे असायचं, हातगाडी ढकलत. पॅरिसला यंत्रांचं एक जुनं म्युझियम आहे. तिथे क्यूनोची १७७० च्या सुमाराची, वाफेवर चालणारी गाडी ठेवलेली आहे. लहानगा रुडॉल्फ तिथे रमायचा. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला. कुटुंब लंडनला गेलं. तिथे खायचे वांधे, म्हणून बारा वर्षांच्या मुलाला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि दोन्हीकडे आपण थोडे परके, ही काय भानगड असते हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

ऑग्सबुर्गचे ते नातेवाईक गणिताचे शिक्षक होते, त्यामुळे पोराचं बरं चाललं. चौदाव्या वर्षी त्यानं घरी कळवून टाकलं की मला इंजिनिअर व्हायचंय. (आपल्याकडे हे घरचे मुलाला कळवतात!) शाळेच्या प्रयोगशाळेत त्यानं काचेची एक नळी पाहिली होती असं सांगतात. नळीत दट्ट्या बसवलेला. दट्ट्या झटकन आत दाबला की कोंडलेली हवा इतकी तापते की तळाशी ठेवलेला कापसासारखा पदार्थ पेट घेतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तेच तत्त्व. काडी नाही, ठिणगी नाही, नुसती दाबलेली हवा. पुढे जे काही झालं ते या नळीचंच मोठं रूप.

म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला स्कॉलरशिप मिळाली. तिथे थर्मोडायनॅमिक्स शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, म्हणजे ज्यांनी कारखान्यात बर्फ बनवणारी यंत्रं तयार केली तेच लिंडे. १८७८ मध्ये एका तासाला त्यांनी सांगितलं की उत्तमातलं उत्तम वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्केच कामाला लावतं, बाकी सगळी फुकट. असं काही ऐकलं की आपण पुढची ओळ लिहून घेतो. यानं वहीच्या समासात टिपून ठेवलं की कार्नोच्या सायकलमधला आयसोथर्म प्रत्यक्षात आणता येईल का ते बघायचं. त्या समासातल्या ओळीनं पुढची पस्तीस वर्षं खाल्ली. १८७९ च्या परीक्षेच्या वेळी नेमका टायफॉईड झाला. मग पुढची परीक्षा येईपर्यंत स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीत हात काळे केले आणि जानेवारी १८८० मध्ये उत्कृष्ट मार्कांनी पास झाला.

नंतरची दहा वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यात बर्फच जास्त आहे. लिंडेंच्या कंपनीसाठी पॅरिसमध्ये बर्फाचा कारखाना, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, तीन मुलं, फावल्या वेळात अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याचा नाद (तो फसला), १८९० मध्ये बर्लिनला बदली. आणि मग २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचं पेटंट, क्रमांक ६७२०७. पुढच्याच जानेवारीत त्यावर पुस्तक. पेटंट आधी, पुस्तक नंतर, आणि इंजिन? इंजिन अजून कागदावरच होतं.

कागदावरचं इंजिन असं होतं: नुसती हवा सिलिंडरमध्ये घ्यायची आणि २५० ॲटमॉस्फिअरपर्यंत दाबायची. मग इंधन इतक्या हळूहळू सोडायचं की ते जळत असताना तापमान वाढणारच नाही, म्हणजे आयसोथर्मल ज्वलन. हिशेबानं एफिशियन्सी ७० टक्क्यांच्या वर जात होती. लिंडेंसारख्या मोठ्या लोकांनी पुस्तकाला पाठिंबा दिला. ऑग्सबुर्गच्या मशीन कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स आधी नाही म्हणाले होते, ते तयार झाले. एसेनची क्रुप कंपनीही पैसे घालायला आली.

आणि इथे एक भयंकर गोष्ट होती, जी पुस्तक छापून झाल्यावर डिझेलच्या स्वतःच्याच लक्षात आली. हे इंजिन चाललंच नसतं.

का नसतं? थिअरीत चूक नव्हती. पण त्या सायकलचा पी-व्ही डायग्राम काढला तर तो केसासारखा बारीक येतो. प्रचंड दाबायचं, त्यात प्रचंड काम खर्च करायचं, आणि परत मिळणारं काम त्याहून किंचित जास्त. लूपच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे हातात पडणारं नेट वर्क, हे आपण पहिल्या युनिटमध्ये शिकतो. ते इतकं थोडं की पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचं घर्षणच ते खाऊन टाकणार. म्हणजे जगातलं सर्वात कार्यक्षम इंजिन स्वतःचं स्वतःला सुद्धा फिरवू शकत नव्हतं! मग त्यानं गुपचूप सायकल बदलली. तापमान कायम ठेवायचा हट्ट सोडला, दाब कायम ठेवून इंधन जाळायचं ठरवलं. २५० चा आकडा खाली येत येत शेवटी तीस-चाळीसच्या घरात आला. आपल्या पुस्तकात कॉन्स्टंट प्रेशर सायकल म्हणून जी शिकवतात ती ही तडजोड आहे. मूळ स्वप्न दुसरंच होतं.

आता स्लोचं.

आयडल या इंग्रजी शब्दाचा अर्थ रिकामटेकडा. गॅरेजमध्ये कुणी आयडलिंग म्हणत नाही, स्लो म्हणतात. गाडी स्लोवर राहत नाही, स्लो वाढवून द्या, स्लो मारते. पण रिकामटेकडं त्यात काहीच नसतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, अशा वेळी इंजिन बाहेरचं कुठलंच काम करत नसलं तरी स्वतःचं सगळं घर्षण, स्वतःचा पंखा, स्वतःचा पाण्याचा पंप एवढं ओढत असतंच. तेवढ्यापुरतं अचूक इंधन मिळालं तर ते गुरगुरत राहतं. कमी पडलं की बंद. व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न आहे: स्लोवर इंजिनची ब्रेक एफिशियन्सी किती? शून्य. जे काही जळतं ते फक्त जिवंत राहण्यासाठी.

माझ्या रूममेटचे काका चाकणजवळचे. त्यांच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जाते. दिंडीच्या सामानाला एक जुनी डिझेल व्हॅन आहे. कंपनी कुठली ते सोडा, वय पंचविशीच्या पुढे एवढंच महत्त्वाचं. मागच्या सीटा काढून फळ्या टाकल्यात, थकलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना पडता यावं म्हणून. फळ्यांखाली गॅसची शेगडी, पातेली, पाण्याचे ड्रम. टपावर ताडपत्री आणि राहुटीचे बांबू. परदेशात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि लोक हौसेनं घेतात. इथे ती जवळपास तीन आठवडे अख्ख्या दिंडीचं स्वयंपाकघर, कोठी आणि दवाखाना असते.

प्रस्थानाला आठ दिवस राहिले आणि हिचा स्लो बिघडला. सकाळी सेल मारला की लगेच सुरू व्हायची, पाच मिनिटं बरी चालायची, मग आवाज वर-खाली, वर-खाली, आणि पाय काढला की फुस्स. हायवेला मात्र काही त्रास नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वारीच्या वाटेवर गाडीला पळायचं नसतं, थांबत थांबत सरकायचं असतं. त्यात जुन्या गाडीत वारंवार सेल मारून बॅटरी बसते. आणि दिवे घाटात चढाला इंजिन बंद पडलं तर ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही, पायाखाली ब्रेक दगडासारखा होतो. मागे सगळी चालणारी माणसं. काकांना झोप लागत नव्हती.

दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे स्लोचा स्क्रू पिळून स्लो वाढवून दिला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. तिसरे मिस्त्री तळवडे रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे. त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. आम्ही दोघी सबमिशन टाकून बघायला गेलो होतो. आधी त्यांनी एअर क्लीनर काढून बघितला, मग फिल्टरच्या तळाला साचलेलं पाणी सोडलं. फरक नाही. मग टाकीपासून फीड पंपापर्यंत येणारा रबरी पाइप काढला आणि त्या जागी पारदर्शक नळी लावली. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुडे सरकताना दिसायला लागले. मी आख्खा फ्युएल सिस्टिमचा चॅप्टर वाचला होता, पण बुडबुडे तेव्हा पाहिले.

टाकीपाशी क्लिपच्या आत पाइप चिरला होता. बाहेर एक थेंब गळत नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. फीड पंपाच्या आधीची लाइन ओढणारी असते, ढकलणारी नाही. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मिस्त्रींच्या भाषेत, गाडी एअर घेते. पाइप बदलला, हॅण्ड पंप मारत मारत ब्लीडिंग स्क्रूतून फेस संपेपर्यंत एअर काढली. स्लो जवळजवळ बसला. जवळजवळ, कारण एक बारीक मिसिंग उरलंच होतं. मग फडकं धरून त्यांनी एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल केला. पहिला सैल केला, इंजिन पडलं. दुसरा, पडलं. तिसरा सैल केला तर इंजिनला काही पडलेलंच नव्हतं. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासून काम करतच नव्हता. नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टिंगला गेलं. (हा प्रयोग हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये करू नये. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.) शेवटी त्यांनी स्लोचा स्क्रू मूळ जागी आणला. व्हॅन पंढरपूरला जाऊन आली.

रूमवर येऊन मी हिशेब मांडला. चार सिलिंडर, फोर स्ट्रोक, ७०० आरपीएम. मिनिटाला १४०० वेळा इंजेक्शन, तासाला ८४,०००. स्लोवर तासाला एक लिटर डिझेल धरलं तरी एका वेळी साधारण १२ घनमिलिमीटर. पाण्याचा एक थेंब पन्नासच्या आसपास असतो. म्हणजे पाव थेंब! चार सिलिंडरना तो समान मिळायला हवा, वेळेवर मिळायला हवा, आणि समोर दाबलेली तापलेली हवा असताना आत शिरायला हवा. जोरात पळताना इंधन भरपूर जातं, एखादा बुडबुडा खपून जातो. स्लोवर लपायला जागा नसते. शिवाय डिझेलला पेट्रोलसारखी हवा अडवून वेग धरता येत नाही, ठिणगीही नाही. वेग सांभाळतो तो फक्त गव्हर्नर, आणि त्याच्या हातात आहे हा पाव थेंब.

१८९३ साली हा पाव थेंब कुणालाच जमत नव्हता. ऑग्सबुर्गच्या शेडमध्ये तीच शोधाशोध चालू होती, फक्त तिथल्या मिस्त्रींना आधीच्या गाड्यांचा अनुभव नव्हता, कारण आधीचं इंजिनच नव्हतं. पहिलं यंत्र: १५० मिलिमीटर बोअर, ४०० मिलिमीटर स्ट्रोक, एकच उभा सिलिंडर, त्याला थंड करायला पाणीसुद्धा नाही. ते स्वतः चालत नव्हतं म्हणून कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा टाकून फिरवायचे. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्यांदा इंधन सोडलं, पेट्रोल. एकदम ८० ॲटमॉस्फिअरच्या आसपास दाब गेला आणि दाब मोजायचा इंडिकेटर फुटून उडाला. कुणाला लागलं नाही, नशीब. पण एक गोष्ट सिद्ध झाली: ठिणगी न लावता नुसत्या दाबलेल्या हवेत इंधन पेटतं. काचेची नळी खरी ठरली.

नंतरचे महिने फक्त गळती, फुटणं, धूर. इंधन आत फवारायला दाबलेल्या हवेचा झोत वापरून पाहिला. तो इलाज चालला, पण त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर लावायचा, म्हणजे आणखी घर्षण.

१७ फेब्रुवारी १८९४. यंत्र नेहमीसारखं पट्ट्यावर फिरत होतं. डिझेल त्याच्या मोजमापात गुंतलेला. लिंडर नावाचा मुख्य फिटर पट्ट्याकडे बघत होता. पट्ट्याची जी बाजू रोज ताणलेली असायची ती ढिली पडली आणि ढिली असायची ती ताणली गेली. म्हणजे शाफ्ट इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन शाफ्टला फिरवायला लागलं होतं. लिंडर काही बोलला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्यावरून डिझेलला कळलं.

डिझेलनं स्वतःच हे पुढे लिहून ठेवलंय, आणि त्या सगळ्या पुस्तकापेक्षा मला हे मोठं वाटतं. समासात ओळ लिहिणारा तो, पेटंट त्याचं, आणि आपलं इंजिन जिवंत झालं हे त्याला दिसलं नाही. दिसलं ते पट्ट्याच्या ताणावर नजर असलेल्या माणसाला. आमच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर सही करणारे जे असिस्टंट आहेत त्यांच्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

इंजिन किती चाललं? सुमारे एक मिनिट. ८८ आरपीएम. कुठलंही ओझं न ओढता, नुसतं स्लोवर. जो माणूस सोळा वर्षं एफिशियन्सीच्या मागे धावत होता त्याच्या पहिल्या यशाची एफिशियन्सी शून्य होती, आणि तरी तो दिवस सोन्याचा होता.

तिथून बरोबर तीन वर्षांनी, पुन्हा १७ फेब्रुवारीलाच, म्युनिकचे प्रोफेसर श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. २५० मिलिमीटर बोअर, १५४ आरपीएम, जवळपास १८ हॉर्सपॉवर. एफिशियन्सी २६.२ टक्के. कागदावरच्या ७० च्या मानानं कमी, पण त्या काळातलं कुठलंच उष्णतेचं इंजिन तिथपर्यंत पोचलं नव्हतं. हे इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये उभं आहे.

मग पैशांचा पाऊस पडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हक्कांसाठी बिअरवाल्या ॲडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. म्युनिकमध्ये राजवाड्यासारखा बंगला झाला. आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाइकांकडची इंजिनं बंद पडायला लागली. १८९८ मध्ये केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्यात पहिली विकलेली दोन सिलिंडरची मशीन गेली, तिची दुरुस्ती काही संपेना. चाचणीच्या शेडमध्ये शेजारी लिंडरसारखा माणूस उभा असतो, काडेपेटीच्या कारखान्यात नसतो. इंजिन तयार झालं असं डिझेलनं फार लवकर जाहीर केलं, असं मला वाटतं. विरोधकांनी पेटंटवर खटले भरले: पेटंटात लिहिलंय एक आणि बनवलंय दुसरंच. दुर्दैवानं त्यात तथ्य होतं. सायकल बदलली होतीच. डोकेदुखी, निद्रानाश, शेवटी १८९८ च्या अखेरीस सॅनेटोरियम. ऑग्सबुर्गला स्वतःच्या नावाचा कारखाना काढला, तोही बुडाला.

एक गोष्ट त्याच्याबद्दल फारशी कुणी सांगत नाही. त्याला मोठमोठ्या जहाजांसाठी इंजिन नको होतं. वाफेचं इंजिन फक्त मोठ्या कारखानदाराला परवडतं, म्हणून छोटा कारागीर मरतो, असं त्याचं म्हणणं होतं. सुताराच्या, विणकराच्या शेडमध्ये बसेल असं छोटं, स्वस्त, कुठल्याही तेलावर चालणारं इंजिन त्याला हवं होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारी मालकीवर त्यानं पुस्तक लिहिलं, ते फारसं कुणी विकत घेतलं नाही. त्याच्या हयातीत मात्र इंजिन मोठंच होत गेलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डेन्मार्कचं जहाज डिझेलवर आशियापर्यंत आलं.

छोटं इंजिन आलं ते तो गेल्यावर. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं १९२७ मध्ये इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणात बनवायला घेतला आणि तो पाव थेंब कॉम्प्रेसरशिवाय मोजता यायला लागला. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल कार आली. त्याच कंपनीचा कारखाना आज चाकणला आहे. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर टुकटुकणारं इंजिन महाराष्ट्रातल्या गावागावात पोचलं. भोसरीच्या एमआयडीसीत दहा बाय वीसच्या गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेला माणूस बघितला की वाटतं, डिझेलला हाच माणूस डोळ्यांसमोर होता. त्या गाळ्यात आता विजेची मोटर असते, आणि वीज गेली की बाहेर जनरेटर सुरू होतो. डिझेलचा.

डिझेलचा स्वतःचा हिशेब मात्र कधीच जुळला नाही. जमिनीत पैसे घातले, तेलाच्या विहिरींत घातले, सगळं बुडालं. बाहेर बंगला, भाषणं, मानसन्मान, १९१२ चा अमेरिका दौरा; आत कर्ज. मुलांनाही नीट माहीत नव्हतं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाला. तिथे त्याच्या इंजिनाचा नवा कारखाना उभा राहायचा होता. बरोबर दोन स्नेही होते. तिघे जेवले, डेकवर फिरले, दहाच्या सुमारास केबिनकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा असं त्यानं सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यात कुणी झोपलेलं नव्हतं. घड्याळ पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं. डेकच्या मागच्या बाजूला टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट. डायरीत त्या तारखेसमोर फुली होती. निघताना बायकोकडे एक बॅग देऊन आठवड्यानं उघडायला सांगितलं होतं. तिच्यात रोकड आणि बँकेचे कागद निघाले, खाती जवळजवळ रिकामी. ब्रिटिशांनी मारलं, तेल कंपन्यांनी मारलं, जर्मन नौदलानं मारलं, असे तर्क तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत. ती बॅग आणि ती फुली बघितल्यावर मला त्या तर्कांची गरज वाटत नाही.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात प्रेत दिसलं. अवस्था वाईट होती. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या, चाकू, चष्म्याचं घर, पाकीट, औषधाची डबी, आणि प्रेत परत पाण्यात सोडून दिलं. १३ ऑक्टोबरला धाकटा मुलगा ऑयगेन यानं वस्तू ओळखल्या. तो चोवीस वर्षांचा होता.

डिझेलला कबर नाही. ऑग्सबुर्गमध्ये एका बागेत मोठाले दगड मांडून ठेवलेत. छोटी डिझेल इंजिनं बनवणाऱ्या यानमार या जपानी कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी ते १९५७ मध्ये जपानहून पाठवले.